बारा खाचा आणि चार पाय

पाहुणे, माझ्यावर ताटली ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि खाली वाकून माझा कोपऱ्यातला पाय पाहा. बाकीचे तीन पाय सडपातळ आहेत; हा एकटा सुजल्यासारखा जाड आहे. त्याच्यावर बारा खाचा आहेत, सहा या अंगाला आणि सहा त्या अंगाला. तुमच्या डोळ्यांना मी जेवणाचे मेज दिसत असेन. मेरीलँड वसाहतीच्या न्यायदप्तरात मात्र मी झाड आहे. उभे, शाबूत आणि जागचे हलवण्यास सक्त मनाई असलेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकाच देहात दोन अवस्था कशा नांदतात हे मोठमोठ्या साधकांना कोडे वाटते. मला ते चार पंचांनी एका दुपारी, कालवे खात खात उलगडून दिले.

चेसापीक उपसागराच्या पूर्व काठाला आमची खाडी आत शिरते. खाडीच्या वरच्या अंगाला एक गोड्या पाण्याचा झरा आहे. त्या झऱ्यापासून बेचाळीस पावलांवर एका खारीने मला हिवाळ्यासाठी पुरून ठेवले आणि ती विसरून गेली. माझा जन्म म्हणजे असा विस्मरणाचा प्रसाद. ज्याने त्या खारीला विसर पाडला त्याचे आभार मानत मी दीडशे वर्षे एका पायावर उभा राहिलो. पाने आली तेव्हा त्याची, गळाली तेव्हाही त्याचीच, एवढेच माझे भजन.

मग एक मोजणीदार आला. त्याच्याबरोबर पहिला पिंडर होता, ज्याला वसाहतीने चारशे एकर जमीन दिली होती. मोजणीदाराने कुऱ्हाडीने माझ्या अंगावर बारा खाचा पाडल्या आणि डासांनी फोडून काढल्यामुळे उरलेले काम होडीत बसून केले. आमच्याकडे प्रत्येक जमिनीला नाव ठेवतात. पिंडरने आपल्या जमिनीचे नाव ठेवले 'पिंडरचा धीर'. शेजारच्या क्राउचला जे मिळाले त्याचे नाव 'क्राउचचा उरलासुरला'. त्या नावाचा राग क्राउच घराण्याच्या मनातून कधीच गेला नाही.

पिंडरांच्या दस्तात पहिले वाक्य माझे होते: 'आरंभ, खाडीच्या वरच्या अंगाला उभ्या असलेल्या, बारा खाचांच्या पांढऱ्या ओकपासून, तेथून पश्चिमेस दोनशे काठ्या', आणि पुढे बाकीची चतुःसीमा. झऱ्याचा उल्लेख राहून गेला. डास फार होते.

खरे सांगतो, त्या दिवसापासून मला गर्व झाला. चारशे एकर, तंबाखूची शेते, डुकरे, कुंपणे, सगळे माझ्यापासून सुरू होत होते. जे आपल्यापासून सुरू होते ते आपले, असे वाटू लागले की समजावे, आता कुऱ्हाड दूर नाही.

पहिल्या पिंडरचा मुलगा एनॉक हा सुतारही होता आणि तंबाखूचा मळेवालाही. एका कुडीत ही दोन माणसे राहत, पण त्यांची एकमेकांशी फारशी ओळख नव्हती. मळेवाला हद्दीच्या खुणा डोळ्यांत तेल घालून जपे. सुतार कोणतेही सरळ झाड दिसले की त्याच्या पोटात किती फळ्या आहेत ते मोजी. साऱ्या परगण्यात त्याच्या हातची मेजे, पलंग, चर्चची बाके आणि शवपेट्या होत्या. त्याच्या स्वतःच्या घरी लग्नानंतर अकरा वर्षे तंबाखूच्या उपड्या पिंपावर जेवण चाले.

"अहो," त्याची बायको टॅबिथा एका सकाळी म्हणाली, "पाद्रीबाबांना मेज केलंत, त्या मेल्या क्राउचला केलंत, परवा लोहार वारला तर त्याला रात्रीत पेटी केलीत. तुमच्याकडून लाकूड मिळवायचं तर मला मरावंच लागेल का?"

"करतो गं. चांगलं लाकूड तर मिळू दे."

"अकरा वर्षं जंगलात राहतोय आपण! आणि ह्यांना लाकूड मिळेना!"

एनॉकने मक्याची लापशी अर्धी टाकली, कुऱ्हाड उचलली आणि क्वाकोला हाक मारली.

क्वाको हा एनॉकचा गुलाम. त्याला लहानपणीच समुद्रापलीकडून जहाजात घालून आणले होते. करवतीच्या खड्ड्यात एनॉक वर उभा राही आणि क्वाको खाली. ओढायचे दोघांनी सारखेच; भुसा मात्र खालच्याच्याच डोळ्यांत जाई. असे पंधरा वर्षे चालले होते.

त्या दिवशी एनॉक अपमानाने पेटला होता. तो माझ्याकडे खालून वर पाहत आला, सरळपणा पाहिला, गाठ नाही हे पाहिले आणि म्हणाला, "हाच. पाड." दुपारपूर्वी मी आडवा झालो. क्वाको माझ्या पलीकडच्या अंगाला गेला आणि थबकला.

"मालक, ह्याला खाचा आहेत."

"असतील. सुतारपक्ष्याचं काम."

"सुतारपक्षी मोजून सहा-सहा मारत नाही, मालक."

एनॉकने येऊन पाहिले आणि त्याच्यातल्या मळेवाल्याला सुताराने काय केले ते समजले. तो माझ्याच देहावर मटकन बसला.

"क्वाको, अरे, हा आपला कोपरा होता."

"होय मालक."

मग एनॉकचे डोळे चमकले. "खालच्या खोडात खोबण केली, वरच्याला त्यात बसेल असा कुसू काढला, चार खुंट्या ठोकल्या, तर पुन्हा उभा राहील?"

क्वाकोने त्या सूचनेचा सुताराला शोभेल असा गंभीर विचार केला. "राहील, मालक. पण पानं वाळतील. लोक विचारतील."

तेव्हा माझे मेज करायचे ठरले. एका पायावरची तपश्चर्या संपली आणि चार पायांचा प्रपंच सुरू झाला. एनॉकने प्रायश्चित्त म्हणून खाचांचा तुकडा तासू दिला नाही. तो जसाच्या तसा एक पाय म्हणून बसवला. टॅबिथाने हात फिरवून पाहिले, एकदा डोळे पुसले आणि मग विचारले, "हा एक पाय असा का हो?"

"मजबुतीसाठी," एनॉक म्हणाला, आणि तो पाय त्याने भिंतीकडे केला.

माझ्या पोटाखाली पिंडरांची वंशावळ कोरली गेली. एनॉकला अक्षर धड येत नसे. क्वाको प्रार्थनेच्या पुस्तकातली अक्षरे पाहून पटाशीने तंतोतंत उतरवी. कोणत्या आकाराला काय म्हणतात हे त्याला कोणी शिकवले नव्हते, तो पाहून पाहून शिकला. वरती एनॉक आणि टॅबिथा. खाली त्यांची मुले: एनॉक, एनॉक, एनॉक आणि ओबेद. आमच्याकडे मूल दगावले की पुढच्याला तेच नाव देतात. तिसरा एनॉक गेल्यावर टॅबिथा म्हणाली, "आता पुरे. त्याला आवडतंय ते नाव. दिलं की बोलावून घेतो." म्हणून चौथा ओबेद झाला आणि जगला.

मी तेरा वर्षे त्या घराचे अन्न वाहिले. मक्याची भाकरी, खारवलेले डुकराचे मांस, सफरचंदाची दारू. जेवणापूर्वी सगळे माझ्यावर हात ठेवून डोळे मिटत. एनॉकची प्रार्थना लांबत जाई, कारण त्याच्या मनाला टोचणी होती. दर वर्षी उपवासपर्वाच्या पहिल्या बुधवारी पाद्रीबाबा चर्चमध्ये पापांची यादी वाचत. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण हलवणाऱ्यावर शाप असो, असे म्हटले की साऱ्यांनी 'आमेन' म्हणायचे. एनॉकला नेमकी त्याच वेळी खोकल्याची उबळ येई.

"तेरा वर्षं त्याच ओळीला खोकता तुम्ही," टॅबिथा घरी येऊन म्हणाली. "बाकी वर्षभर ठणठणीत."

तेव्हा त्याने तिला सांगितले. ती माझ्या जाड पायाकडे बघत राहिली, आणि मग इतकी हसली की तिला पिंपावर बसावे लागले. "म्हणजे मी अकरा वर्षं मागितलं मेज, आणि तुम्ही दिलीत चारशे एकरांची सुरुवात!"

त्याच हिवाळ्यात एनॉकला ताप आला. त्याने मृत्युपत्र माझ्याच अंगावर कागद पसरून लिहवून घेतले. घर आणि जमीन ओबेदला. टॅबिथाला तिच्या हयातीपर्यंत तिसरा हिस्सा. आणि शेवटी एक कलम: झऱ्याभोवतीची दहा एकर क्वाकोने आजन्म कसावी, आणि ज्या दिवशी तो त्या जमिनीवर आपल्या घराचे छप्पर चढवील, त्या दिवसापासून तो मोकळा. मोकळेपणाची कल्पनाही एनॉक छपराशिवाय करू शकत नव्हता, सुतारच तो.

क्वाको दाराशी उभा होता. त्याचा हात बाजूच्या भिंतीवरून असा फिरला, जसा फळीची जाडी पाहताना फिरे.

एनॉक गेला. मृताच्या घरातल्या वस्तूंची यादी करायला आमच्याकडे दोन शेजारी येतात. एक आला तो मेजर सायलस क्राउच. हा मेजर कोणत्या लढाईत झाला ते कोणालाच ठाऊक नव्हते; परगण्याच्या कवायतीत त्याचा घोडा सर्वांत उंच होता एवढेच. त्याने एकेक नाव उच्चारावे आणि दुसऱ्याने लिहावे: लांब करवत एक, क्वाको नावाचा पुरुष एक, तांबूस गाय एक. एका कागदावर, एका खाली एक. मी पाहत होतो. झाडाला मेज म्हणावे का, यावर पुढे ही मंडळी दिवसभर घाम गाळणार होती. माणसाला करवतीखाली आणि गाईवर लिहिताना लेखणी एकदाही अडखळली नाही.

टॅबिथाने त्यांना जेवायला बसवले. क्राउचचा चमचा खाली पडला. तो उचलायला वाकला, आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"सहा," मेजाखालून आवाज आला. "आणि सहा."

दुसऱ्याच दिवशी त्याची माणसे झऱ्याजवळ गेली. त्यांनी माझ्या खोडाचा उरलेला बुंधा जाळला, मुळे उपटली, नांगर फिरवला आणि वर तंबाखूचे वाफे केले. मग क्राउचने न्यायालयाकडे अर्ज केला: पिंडरांचा कोपरा जागच्या जागी नाही, सबब हद्द ठरवून मिळावी, आणि झरा, जो आपल्या वाडवडिलांपासूनचा आहे, तो आपल्या नावे लागावा.

झरा गेला असता तर ती दहा एकर गेली असती. दहा एकर गेली तर छप्पर चढवायला जागा नाही. आणि छप्पर नाही तर क्वाको यादीतल्या त्याच ओळीवर, करवतीच्या खाली, मरेपर्यंत.

मे महिन्यात चार पंच आणि एक मोजणीदार घरी आले. मुख्य पंच ल्यूक हॅडवे हा जाडजूड, न्यायप्रिय आणि सदा भुकेला माणूस. त्याने शपथा दिल्या. क्राउचने पवित्र पुस्तकावर हात ठेवून सांगितले, "ही वस्तू मेज नव्हे. हे दस्तात लिहिलेलं झाड आहे. खाचा मोजा."

पंचांनी खाचा मोजल्या. बारा भरल्या.

"कागद म्हणतो, पांढरा ओक," हॅडवे म्हणाला. "ओक आहे. कागद म्हणतो, उभा. उभा आहे."

"चार पायांवर," टॅबिथा म्हणाली.

"पाय किती असावेत ते कागदात दिलेलं नाही, बाई. आणि आरंभ ओकपासून. तेव्हा ओक जिथे आहे तिथून मोजा."

मोजणीदाराने होकायंत्र माझ्यावर, लोण्याच्या वाडग्याशेजारी ठेवले. पश्चिमेस दोनशे काठ्या. रेषा खिडकीतून बाहेर पडली, कोंबड्यांच्या खुराड्यावरून गेली, काठ ओलांडून उपसागरात उतरली. घर खाडीच्या मुखाशी होते ना. त्या हिशेबाने पिंडरांच्या वाट्याला जमिनीपेक्षा खारे पाणीच जास्त येत होते, आणि झऱ्यापर्यंतचे सारे रान आपोआप क्राउचच्या उरल्यासुरल्यात जात होते.

"आई, आपण मासे पिकवायचे का आता?" ओबेद म्हणाला.

"अहो पंच," टॅबिथाचा आवाज चढला, "हा ओक इथे नव्हता! वर झऱ्यापाशी होता!"

"कोण साक्ष देईल?"

"हा क्वाको. ह्यानेच पाडला."

हॅडवेने घसा साफ केला. त्याला वाईट वाटत होते, हे मला त्याच्या कोपरांच्या भारावरून कळले. "बाई, गोऱ्या माणसाच्या विरुद्ध गुलामाची साक्ष कायद्याला चालत नाही."

"आणि मेजाची चालते?"

"हे मेज नाही, बाई. झाड आहे. आत्ताच शपथेवर ठरलं."

मग बार्नबी टुलला बोलावले. हा ऐंशीचा म्हातारा. हद्दीची खूण विसरली जाऊ नये म्हणून आमच्याकडे बाप मुलांना त्या जागी नेऊन बडवीत. मार आठवला की जागा आठवते. टुलचा बाप पहिल्या मोजणीला हजर होता. पंचांनी त्याला सकाळभर रानातून हिंडवून आणले आणि ते घामाघूम होऊन परतले.

"टुलआजोबा, आता पंचांसमोर सांगा, तुम्हाला नक्की कुठे मार बसला होता?"

"झऱ्यापाशी बसला," म्हातारा म्हणाला. "कुंपणापाशीही बसला. खाडीपाशी तर दोनदा. माझा बाप फार काळजी घेणारा होता हो. मला आता साऱ्या परगण्यात एकही जागा दाखवता येत नाही जिथे मी रडलो नव्हतो."

क्राउच हसला. हॅडवेने लेखणी उचलली, आणि नेमके त्याच वेळी त्याचे पोट गुरगुरले.

टॅबिथाने ते ऐकले. ती एकदम शांत झाली. "पंचसाहेब, एक विचारू? ओक जिथे असेल तिथून जमीन सुरू, असंच ना?"

"कागद तसंच म्हणतो."

"आणि निकाल लिहिणार कधी?"

"जेवणानंतर लिहू."

"मग जेवण झऱ्याकाठी वाढते. इथे चूल धुमसतेय, डोळे झोंबतील तुमचे. खाडीतली ताजी कालवं आहेत, आणि सफरचंदाची दारू सकाळपासून झऱ्याच्या पाण्यात गार करत ठेवलीय. ओबेद, क्वाको, मेज उचला."

माझे टोक कोणी धरायचे यावर शब्दही झाला नाही. क्वाको आपणहून जाड पायाच्या बाजूला गेला.

अर्ध्या मैलाहून अधिक वाट होती. तीन ठिकाणी विसावा घेत त्यांनी मला नेले. मागे टोप्या हातात घेतलेले पंच, त्यामागे टॅबिथा आणि कालव्यांची टोपली. दुरून पाहणाऱ्याला वाटले असते कोणाची तरी शेवटची यात्रा चालली आहे. क्राउच घोड्यावरून ओरडत होता, "ते हद्द हलवताहेत! डोळ्यांदेखत हलवताहेत!"

हॅडवे वळला. भुकेलेल्या माणसाला खोटा युक्तिवाद फार लवकर ओळखता येतो. "मेजर, सकाळी तुम्हीच शपथेवर म्हणालात, हे मेज नसून झाड आहे. झाड चालत नाही. तेव्हा हे हललेलं नाही. शपथ मागे घ्यायची असेल तर सांगा; खोट्या शपथेची शिक्षाही आमच्याकडे लेखी आहे."

क्राउचने घोडा दोन पावले मागे घेतला.

तंबाखूच्या वाफ्यांत शिरल्यावर ओबेद हळूच म्हणाला, "क्वाको, आणखी चाळीस पावलं पुढे चल. क्राउचच्या सफरचंदांच्या बागेत ठेवू. कोण विचारतंय? बाग आपली होईल, आणि तुझे दहा एकर तर आहेतच."

क्वाको थांबला. भोवती सगळीकडे सारखीच नांगरलेली जमीन होती, एक खूण नव्हती. त्याने झऱ्याचा आवाज ऐकला. दोन पावले डावीकडे सरकला. एक मागे आला. मनातल्या मनात तो बेचाळीस पावले मोजत होता हे मला त्याच्या खांद्याच्या ठोक्यांवरून कळत होते. आयुष्यभर खड्ड्याच्या तळाशी भुसा झेललेले ते डोळे त्याने एकदा मिटून घेतले, आणि तो म्हणाला, "इथे, धाकटे मालक."

"अरे, पण बाग..."

"झाड इथे होतं."

त्याने मला खाली ठेवले. त्याला बोलायला बंदी होती. ओझे वाहायला कोणीच बंदी केली नव्हती. त्याने आपली साक्ष खांद्यावरून आणली आणि जिथे खरी होती तिथे उतरवली.

माझा जाड पाय मऊ मातीत रुतला, रुतत गेला, आणि अचानक ओळखीच्या उबेला टेकला. खाली माझ्याच मुळांची राख होती. तेरा वर्षे मी लोकांच्या प्रार्थना अंगावर ऐकल्या होत्या. त्या क्षणी पहिल्यांदा माझी स्वतःची एक पूर्ण झाली. ज्या जागी मला विसरले गेले होते, त्याच जागी मला कोणीतरी आठवून परत ठेवले होते.

हॅडवे माझ्यापाशी बसायला गेला आणि त्याचा बूट घोट्यापर्यंत आत गेला. वर काढला तो काळाकुट्ट. त्याने बोटाने राख घेतली, नाकाशी धरली, मग क्राउचकडे पाहिले. क्राउच घोड्याच्या लगामाची शिवण तपासू लागला.

कालवे संपल्यावर निकाल लिहिला गेला: बारा खाचांचा पांढरा ओक खाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्यापासून बेचाळीस पावलांवर उभा असलेला आढळला, 'पिंडरचा धीर' येथून सुरू होतो, आणि सदर झाड कोणीही, कोणत्याही कारणाने, येथून हलवू नये. चार पंचांच्या सह्या झाल्या. कागदावर लोण्याचा एक डाग आहे, तो हॅडवेचा.

"हलवू नये?" टॅबिथाने पुन्हा विचारले. "म्हणजे माझं मेज..."

"झाड, बाई."

अकरा वर्षे मागून मिळालेले मेज तिने त्या दिवशी रानात सोडले आणि घरी जाऊन उपड्या पिंपावर जेवली. ओबेद म्हणतो, ती जेवताना हसत होती.

मी तीन महिने पावसात उभा राहिलो. माझ्यावर पाखरे बसू लागली. एकदा एक खार आली, फळ ठेवून गेली आणि विसरली. पुन्हा झाड झाल्याचा आनंद होता. पण खरे सांगतो, जेवणाआधीच्या त्या हातांची आठवण येई.

क्वाको रोज दिवस मावळण्यापूर्वी येई आणि एक लाकूड तासून ठेवी. घर कुठे बांधावे हा प्रश्नच नव्हता. मला हलवता येत नव्हते, आणि टॅबिथाने सांगितले होते, "ते बिचारं भिजतंय, क्वाको." तेव्हा त्याने घर माझ्याभोवती बांधले. माझा खाचांचा पाय घराच्या अगदी कोपऱ्यात आला. त्याच्या पलीकडे एका बोटावर क्राउचची जमीन. आजही पाऊस पडला की क्राउच येतो आणि म्हणतो, "तुझ्या छपराचं पाणी माझ्या हद्दीत पडतं." क्वाको आतून म्हणतो, "कोपरा कुठे आहे ते ठाऊक आहे तुम्हाला, मेजर. या, बसा, मोजा."

ज्या दिवशी छप्पर चढले, त्या दिवशी शिडी टॅबिथाने ओबेदला धरायला लावली. शेवटची खुंटी ठोकून क्वाको खाली उतरला. कोणी घोषणा केली नाही. तो आत आला, माझ्यावर दोन्ही पंजे पसरून ठेवले आणि उभा राहिला. इतकी वर्षे त्याने मला कापले, तासले, वाहिले होते. माझ्यापाशी तो कधी बसला नव्हता. टॅबिथाने त्याच्या मागे तिपाई सरकवली. "बस की रे."

मग तिने पटाशी मागितली आणि स्वतःचे दुखरे गुडघे मुडपून माझ्याखाली शिरली. "ये इकडे. इथे जागा आहे, माझ्या एनॉकांच्या शेजारी. तुझं नाव घाल."

क्वाकोने पटाशी हातात घेतली. "इथे आई-बापांसकट नावं आहेत, बाई. माझं एकटंच कसं घालू?"

टॅबिथा मेजाखाली अंधारात होती, तिचा चेहरा मला दिसला नाही. ती म्हणाली, "तीस वर्षं झाली तुला ह्या घरात. मी कधी विचारलंच नाही रे. तुझ्या आईचं नाव काय?"

"अबेना."

तो शब्द त्या वसाहतीत तीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला गेला. तो कसा लिहायचा हे टॅबिथाने नखाने फळीवर ओढून दाखवले. क्वाकोने कोरले: अबेनाचा मुलगा क्वाको. पिंडरांच्या तीन गेलेल्या एनॉकांजवळ, एका जिवंत ओबेदच्या वर. ही आमची वंशावळ आहे. ती नीट लागत नाही, असे ओबेद म्हणतो. मला वाटते, ती तेवढ्याच ठिकाणी नीट लागते.

आता टॅबिथा फार थकली आहे. रविवारी चर्चमधून येताना ती अजून इथे येते, स्वतःचा चमचा घेऊन, आणि आपल्या मेजावर क्वाकोची पाहुणी म्हणून जेवते. खारीने ठेवलेल्या त्या फळाला दाराबाहेर दोन पाने आली आहेत. क्वाको त्याला पाणी घालतो. खाचा मात्र पाडू देत नाही कोणाला.

तर पाहुणे, माझी एवढीच विनवणी. डोळे मिटून ज्याचे आहे त्याचे नाव घ्या, मग खुशाल ताटली ठेवा. भाकरी मोडा, कोपर टेका, दारू सांडली तरी चालेल. फक्त उठताना मला ढकलू नका. माझ्याबरोबर चारशे एकर सरकतील, आणि ह्या माणसाने ते एकदा खांद्यावरून आणून जागच्या जागी ठेवले आहेत.